बॅकअपच्या फायलींत ‘टक्’, खरखर, मधेच शांतता: दोष नेमका कुठं आहे ते शोधताना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका घरात जात्यापाशी बसून एका आजींनी म्हटलेल्या ओव्या माझ्याकडं आहेत. ५२ मिनिटांचं रेकॉर्डिंग. आजी आता नाहीत. गेल्या श्रावणात त्यांच्या नातवाचा फोन आला, “दादा, आज्जीच्या ओव्या पेनड्राइव्हवर घालून द्या की. आईला ऐकायच्यात म्हणे.” बॅकअपच्या हार्ड डिस्कवरून फाईल काढली आणि देण्याआधी लावून बघितली. एकतिसाव्या मिनिटाला आजींचा सूर चढत असताना मधेच ‘टक्’ असा आवाज आला. आधी वाटलं, जात्याचाच असेल, खुंटा हलला असेल. मागं घेऊन हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. जात्याचा नव्हता. त्या आवाजामागं जात्याची घरघर जशीच्या तशी चालू होती, हा तिच्यावर वरून पडल्यासारखा होता.

मग त्याच फोल्डरमधल्या बाकीच्या फायली एकेक करून उघडल्या. पारायणाच्या एका रेकॉर्डिंगमध्ये असाच आवाज, काकड आरतीच्या फाईलमध्ये दोनदा. हे पहिल्यांदा होत नव्हतं. मागं एकदा असंच झालं तेव्हा ड्राइव्हला दोष देऊन मी नवा ड्राइव्ह घेतला होता, केबलही बदलली होती, आणि प्रश्न मिटला असं धरून चाललो होतो. मिटला नव्हता. नव्या ड्राइव्हवरच्या फायली मी ऐकल्याच नव्हत्या, एवढंच.

आपल्या भागात असं काम करणारे बरेच जण आहेत. कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांतली भाषणं, सप्ताहातली कीर्तनं, भजनी मंडळांचे जागर, हळदीची गाणी कुणी ना कुणी हौसेनं टिपतो आणि एका छोट्या डबीत, म्हणजे बाहेरच्या हार्ड डिस्कमध्ये, भरून कपाटात ठेवतो. यातल्या बहुतेक आवाजांची दुसरी प्रत कुठल्याच दफ्तरात नाही. म्हणून दोष शोधायला मी ज्या क्रमानं गेलो तो क्रम इथं सविस्तर देतो. क्रम चुकला तर शाबूत असलेली प्रतही हातची जाऊ शकते.

आधी हात आवरा

फाईल बिघडलेली दिसली की पहिल्या दहा मिनिटांत माणूस घाईनं जे करतो त्यातच जास्त नुकसान होतं. रेकॉर्डरमधलं कार्ड अजून शिल्लक असेल तर ते बाजूला काढून त्याचं कुलूप सरकवा आणि फॉरमॅट करू नका. आपोआप सिंक करणारं सॉफ्टवेअर चालू असेल तर लगेच बंद करा, कारण ते बिघडलेली फाईल ‘नवी’ समजून चांगल्या प्रतीवर चढवेल. बिघडलेली फाईल ऑडॅसिटीत (आवाज कापण्या-जोडण्याचं सॉफ्टवेअर) उघडून त्याच नावानं सेव्ह करू नका. आणि विंडोजनं “ड्राइव्हमध्ये प्रॉब्लेम आहे, स्कॅन करून दुरुस्त करू का?” असं विचारलं तर आत्ता नको म्हणा. हे काम करणारा चेकडिस्क फाईल सिस्टीम, म्हणजे ड्राइव्हवर फायली कुठं आहेत याची नोंदवही, नीट करतो, त्यातल्या आवाजाची काळजी करणं त्याचं काम नाही. तुटक्या फायलींचे तुकडे तो कापून टाकतो किंवा भलत्याच नावानं ठेवतो.

आवाज काय सांगतो

डब्ल्यूएव्ही (आवाज न आवळता साठवणारी) फाईल असेल तर बिघाड कोणत्या जातीचा आहे हे ऐकून आणि बघून बरंच कळतं. ऑडॅसिटीत फाईल उघडा, बिघडलेल्या जागेवर झूम करत जा, अगदी एकेक सॅम्पल, म्हणजे आवाजाचं एका क्षणाचं माप, ठिपक्यासारखं दिसेपर्यंत.

एकच ठिपका ओळ सोडून उंच गेलेला असेल आणि पुढचे-मागचे ठिपके शिस्तीत असतील, तर एखादाच आकडा बदलला आहे. ऐकायला हे ‘टक्’ असं येतं. कॅसेटवरून उतरवलेल्या रेकॉर्डिंगमध्येही टकटक असते, पण ती अशी टोकदार नसते. झूम केल्यावर ती दहा-वीस सॅम्पलभर पसरलेली दिसते. हा फरक ओळखता आला पाहिजे. कुमार गंधर्व १९२४ साली ज्या सुळेभावीत जन्मले ते आपल्याच जिल्ह्यातलं गाव, आणि जुन्या मैफलींच्या कॅसेट जपून ठेवणारे रसिक आपल्याकडं अजून आहेत. त्यांनी कॅसेटचा दोष डिस्कच्या माथी मारू नये आणि डिस्कचा कॅसेटच्या.

काही वेळ रेषा अगदी सपाट, शून्यावर चिकटलेली दिसत असेल तर तिथं डेटा लिहिलाच गेलेला नाही. खोलीतली शांतता कधीच इतकी सपाट नसते; पंख्याचा, पावसाचा, माइकचा काहीतरी सूक्ष्म आवाज असतोच. फाईलचा आकार बरोबर, पण पोटात शून्यं: कॉपी चालू असताना ड्राइव्ह ओढून काढला किंवा करंट गेला की हे होतं.

अचानक जोराची, एकसारखी खरखर सुरू झाली तर त्या जागी दुसऱ्याच फाईलचा तुकडा येऊन बसला आहे किंवा मधला काही बाईटांचा भाग गळाला आहे. १६ बिटच्या स्टिरिओ फायलींत तर कीर्तन चालू असताना मधेच दुसऱ्या गावचं भजन स्वच्छ ऐकू येतं. एका बुवांनी मला असं रेकॉर्डिंग आणून दिलं होतं, त्यांना वाटत होतं रेकॉर्डरनं दोन कार्यक्रम एकात मिसळले. मिसळले होते ते पेनड्राइव्हच्या फॅट तक्त्यानं, म्हणजे कुठली फाईल कुठल्या जागेत आहे याच्या नोंदीनं. त्यात दोन फायली एकाच जागेवर हक्क सांगत होत्या.

फाईल उघडतच नसेल किंवा लांबी शून्य दाखवत असेल, तर बॅटरी संपून रेकॉर्डर मधेच बंद पडला असण्याची शक्यता मोठी. डब्ल्यूएव्हीच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये लांबीचा आकडा रेकॉर्डिंग थांबवताना लिहिला जातो, तो राहून जातो. आवाज बहुधा आत असतो. ऑडॅसिटीच्या ‘इम्पोर्ट रॉ डेटा’मधून बिट, सॅम्पल रेट आणि चॅनल बरोबर दिले की तो बाहेर येतो. ही बॅकअपची चूक नाही, तिचा राग ड्राइव्हवर काढू नका.

कानावर विसंबून का चालत नाही

माझी रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ असतात. म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाईट, तासाला साधारण १ जीबी. प्रत्येक सॅम्पल तीन बाईटांचं. त्यातला एक बिट उलटला तर काय होईल? सर्वांत वरच्या बाईटमधला मोठा बिट असेल तर कान दचकतात. मधल्या बाईटमधला तोच बिट असेल तर फरक कमाल पातळीच्या पाचशेव्या भागाच्या आसपास, टाळ-मृदंगात तो बुडून जातो. खालच्या बाईटमधला असेल तर कुणालाच कधीच कळणार नाही. म्हणजे एक ‘टक्’ ऐकू आला तर न ऐकू आलेले आणखी दोन-तीन असणार असं धरूनच चाला. सुरुवात, मध्य आणि शेवट ऐकून “बॅकअप ठीक आहे” असं मी कित्येक वर्षं म्हणत होतो. ती तपासणीच नव्हती.

खरी तपासणी हॅशची. फाईलमधल्या सगळ्या बाईटांवरून एक लांब आकडा काढला जातो. एक बिट जरी बदलला तरी आकडा पार बदलतो. सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाईलवर राइट क्लिक करून त्याच्या सीआरसी-एसएचए मेनूत एसएचए-२५६ निवडायचं, झालं. काहीच टाकायचं नसेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल हे अवजार आधीपासून असतं. पूर्ण आकडा उतरवून घ्यायची गरज नाही. दोष शोधताना पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं वहीत लिहिली तरी पुरे.

आता परीक्षा अशी करायची. संगणकातच असलेली एक मोठी फाईल घ्या, १ जीबीच्या वरची असेल तर बरं. बाहेरचा ड्राइव्ह अजून जोडूसुद्धा नका. हॅश काढा, लिहा. संगणक रीस्टार्ट करा, पुन्हा काढा. असं तीन-चार वेळा. रीस्टार्ट यासाठी की एकदा वाचलेली फाईल विंडोज मेमरीत ठेवून देतं आणि दुसऱ्यांदा तिथूनच वाचतं. मग आकडा तोच येणार आणि तुमचा गैरसमज होणार.

आकडा दर वेळी तोच आला तर संगणक सध्या निर्दोष धरा आणि पुढं ड्राइव्हकडं वळा. आकडा बदलला तर ड्राइव्ह, केबल, पोर्ट या सगळ्यांना सोडून द्या.

माझा बदलला. पहिल्यांदा एक, रीस्टार्टनंतर दुसरा, तिसऱ्यांदा पुन्हा पहिला. डिस्कवरची फाईल कुणी हात न लावता बदलत नसते. ती वाचताना बदलत होती.

रॅम

लॅपटॉपमध्ये मूळ ८ जीबी रॅम होती, पुढं आणखी ८ जीबीची पट्टी घातली होती. व्हिडिओ एडिटिंग सुरळीत, ब्राउझर सुरळीत, निळा स्क्रीन वर्षातून एखाद वेळी, तोही उन्हाळ्यात. गरम झाला असेल म्हणून सोडून दिला. पण फाईल कॉपी होते म्हणजे ती आधी रॅममध्ये येते आणि तिथून ड्राइव्हवर जाते. त्या वाटेत एकच खण नासका असेल आणि फाईलचा तुकडा नेमका त्या खणात पडला, तर तो तुकडा बिघडूनच पलीकडं पोचतो. संगणकाला वाटतं सगळं ठीक, ड्राइव्हला वाटतं सगळं ठीक, एरर कुठंच येत नाही. म्हणूनच दर वेळी वेगळी फाईल बिघडायची.

मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं साधन पेनड्राइव्हवर चढवून रात्री लावून ठेवलं. सकाळी दूध तापवायला उठलो तेव्हा स्क्रीनवर लाल ओळी होत्या. प्रत्येक ओळीत पत्ता साधारण तोच आणि चुकलेला बिट एकच. दोन्ही पट्ट्या काढून सोनेरी टोकं कोरड्या मऊ कापडानं पुसली, एकेक पट्टी वेगवेगळी घालून पुन्हा चाचणी घेतली. जुनी पट्टी चार फेऱ्यांत स्वच्छ निघाली, नंतर घातलेली पहिल्याच फेरीत नापास. ती काढून टाकली त्या दिवसापासून एकही हॅश चुकलेला नाही.

विंडोजमध्ये स्वतःची मेमरी तपासणी आहे, पण ती माझ्या पट्टीत काहीच शोधू शकली नाही. वेळ असेल तर मेमटेस्ट८६ रात्रभर चालवाच. एखादी फेरी पुरत नाही.

एवढा वेळ मी रॅमवर घेतोय, त्याला कारण आहे. बाहेरच्या ड्राइव्हचा विषय निघाला की सगळे ड्राइव्ह आणि केबलवर बोलतात. पण यूएसबीवरून जाणाऱ्या प्रत्येक तुकड्याची तपासणी यूएसबी स्वतः करतं. केबल वाईट असली तर बहुधा ड्राइव्ह मधेच तुटतो, पुन्हा जोडला जातो, कॉपी अर्धवट राहते. डिस्कचा सेक्टर खराब झाला असेल तर डिस्क चुकीचं देण्यापेक्षा ‘वाचता येत नाही’ असं सांगते आणि कॉपी अडकून बसते. फाईल पूर्ण, आकार बरोबर, एरर नाही, आणि तरीही एखादा ‘टक्’: ही खूण मेमरीची आहे.

मूळ ठीक, प्रत बिघडलेली

हॅशच्या परीक्षेत संगणक पास झाला तर तीच फाईल ड्राइव्हवर कॉपी करा. कॉपी संपताच हॅश काढू नका, तो रॅममधल्या प्रतीवरून निघेल आणि बरोबरच येईल. इजेक्ट करा, ड्राइव्ह काढा, पुन्हा जोडा, मग काढा. टेराकॉपीसारख्या साधनात ‘व्हेरिफाय’ची सोय आहे, रोजच्या वापरात ती चालू ठेवाच, पण दोष शोधत असताना हाताने, काढून-जोडून केलेली तपासणी पक्की.

इथं फरक आला तर एका वेळी एकच गोष्ट बदला. पहिली गोष्ट पोर्ट. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतल्या बारीक वायरनं जोडलेले असतात, मागच्या बाजूचे थेट मदरबोर्डवर, मागचा वापरा. हब काढून टाका. २.५ इंची ड्राइव्हला वेगळी वीज नसते, तो पोर्टवरच जगतो. जुन्या यूएसबी २.० पोर्टला ५०० मिलिअँपिअरची मर्यादा, ३.० ला ९००. एका हबवर माउस, डोंगल, साउंड कार्ड आणि ड्राइव्ह असे सगळे बसवले की ड्राइव्हची उपासमार होते आणि मोटर सुरू होताना टिकटिक ऐकू येते. ती टिकटिक आली की लगेच थांबा.

मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीकडं, जांबोटीकडं पावसाळ्यात महिनोन्‌महिने घर कोरडं होत नाही. तिथल्या एका मंडळींच्या लॅपटॉपच्या पोर्टमधल्या पत्र्यांवर हिरवट थर धरलेला मी बघितला आहे. केबल तीन बदलून झाल्या होत्या, दोष पोर्टातच. ड्राइव्ह आणि कार्ड हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं.

ड्राइव्हची प्रकृती क्रिस्टलडिस्कइन्फोत दिसते. तिथं तीन ओळी बघा. ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ शून्याच्या वर गेला आणि महिन्या-महिन्याला वाढतोय, तर ड्राइव्ह निवृत्त करा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ वर असेल तर आहे ते आधी दुसरीकडं हलवा. ‘सीआरसी एरर’ हा आकडा डिस्क आणि डबीतल्या सर्किटमधल्या जोडाचा असतो, बाहेरच्या केबलचा नाही. तो वाढत असेल तर डबी बदलून बघा, डिस्क चांगली असू शकते. डिस्क अडकत-अडकत वाचत असेल तर तीवर पुन्हा पुन्हा कॉपीचा मारा करू नका. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू आधी चांगला भाग उचलून घेतं आणि अवघड जागांकडं नंतर वळतं.

करंट जातो तेव्हा

लॅपटॉप आहे म्हणजे बॅटरी आहे, करंट गेला तरी चिंता नाही, असं बरेच जण म्हणतात. पण टेबलावरचा मोठा, ३.५ इंची ड्राइव्ह स्वतःच्या अडॅप्टरवर चालतो. करंट गेला की लॅपटॉप चालू राहतो आणि ड्राइव्ह जागच्या जागी मरतो, तोही लिहीत असताना. वळवाच्या पावसात संध्याकाळी दहा मिनिटांत तीनदा वीज जाते-येते तेव्हा बॅकअप घेऊ नका, किंवा ड्राइव्हचा अडॅप्टर यूपीएसवर लावा. आमच्याकडं यूपीएसवर मॉनिटर होता आणि ड्राइव्ह भिंतीच्या सॉकेटवर. ते उलटं करायला पाच मिनिटं लागली.

विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हला ‘क्विक रिमूव्हल’ हीच मूळ सेटिंग असते. म्हणून “आता इजेक्ट लागत नाही” असं पसरलं आहे. कॉपीची हिरवी पट्टी संपली, पण मागं अँटिव्हायरस किंवा इंडेक्सिंग त्याच ड्राइव्हवर काही लिहीत असेल तर ही सेटिंग तुम्हाला वाचवत नाही. इजेक्ट करा. ड्राइव्हवरचा दिवा शांत होऊ द्या.

४ जीबीची भिंत

फॅट३२ या फाईल सिस्टीमवर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. शिवाय साध्या डब्ल्यूएव्ही फाईलच्या हेडरमध्ये लांबीचा आकडा ३२ बिटचा असल्यानं तिलाही ४ जीबीचीच मर्यादा. माझ्या सेटिंगला ४ जीबी म्हणजे ४ तास ८ मिनिटं. रात्रभराच्या जागराला हे सहज ओलांडतं. बरेच रेकॉर्डर २ जीबीला किंवा ४ जीबीला आपोआप फाईल तोडून पुढची सुरू करतात, ते चांगलंच. फक्त बॅकअप घेताना दुसरा तुकडा राहून जातो आणि मग “अभंग अर्ध्यातच तुटला” अशी तक्रार येते. फाईल बिघडलेली नसते, भाऊ बाजूला बसलेला असतो. फोल्डर पूर्ण उचला.

नवा ड्राइव्ह केवळ विंडोजवर वापरणार असाल तर एनटीएफएस करा. एक्सफॅट सगळीकडं चालतो, पण त्याला जर्नल, म्हणजे चालू बदलांची वेगळी नोंद, नाही. लिहिताना वीज गेली तर त्याची वही अर्धवट राहते. एनटीएफएस निदान आपली फोल्डरांची नोंद सावरतो, आतल्या आवाजाची मात्र हमी तोही देत नाही.

जत्रेत किंवा रस्त्यावर स्वस्तात मिळालेला २ टीबीचा पेनड्राइव्ह कधीही बॅकअपला वापरू नका. त्याची खरी जागा ३२ जीबीसुद्धा असू शकते, आणि ती भरली की पुढचं सगळं आधीच्यावर लिहिलं जातं किंवा हवेत जातं. नावं दिसतात, आकार दिसतो, आत आवाज नाही. घेतल्या दिवशीच एचटूटेस्टडब्ल्यूनं तो पूर्ण भरून आणि वाचून बघा. त्याला वेळ लागतो, लागू द्या.

मराठी नावांच्या फायली मधेच सुटतात

याचा ‘टक्’शी संबंध नाही, पण आपल्या लोकांना हे हमखास छळतं. विंडोजमध्ये अनेक साधनं अजून फाईलच्या पूर्ण पत्त्याला २६० ची मर्यादा पाळतात, आणि ती मोजणी आपल्या अक्षरांची नसते. ‘ज्ञानेश्वरी’ आपल्या डोळ्याला चार अक्षरं. संगणकाला अकरा: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र, वेलांटी. गाव, तालुका, मंडळाचं पूर्ण नाव, तिथी, बुवांचं नाव अशी फोल्डरांत फोल्डर घातली की पत्ता कधी २६० च्या वर जातो कळत नाही, आणि नेमकी तीच फाईल कॉपी होताना सुटते. मूळ फोल्डरची आणि प्रतीची फाईल-संख्या राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ताडून बघा. नाव आखूड ठेवा, बाकी माहिती फोल्डरमधल्या एका मजकूर-फाईलमध्ये लिहा. वेळ लिहिताना विसर्गासारखे दोन टिंब आणि प्रश्नचिन्हही टाळा, विंडोज ती घेत नाही.

दोन बिघडलेल्या प्रतींतून एक चांगली

आता आजींच्या फाईलकडं येतो. लॅपटॉपमधली मूळ प्रत मी जागा हवी म्हणून काढून टाकली होती, दोन ड्राइव्हवर आहे या भरवशावर. कार्ड तर कधीच फॉरमॅट झालं होतं. दोन्ही ड्राइव्हवरच्या प्रती त्याच नासक्या पट्टीतून गेल्या होत्या आणि दोघींचे हॅश वेगळे होते. पण दोन वेगवेगळ्या दिवशी केलेल्या कॉपीत बिघाड त्याच जागी पडण्याची शक्यता फार कमी, याच आशेवर बसलो.

सोपी वाट ऑडॅसिटीची. दोन्ही फाईल एकाखाली एक उघडायच्या, एकीला ‘इन्व्हर्ट’ करायचं, म्हणजे तिची लहर उलटी करायची, आणि दोन्ही मिसळून एक ट्रॅक करायचा. जिथं दोघी सारख्या तिथं एकमेकींना खोडून सपाट रेषा उरते. आजींचा आवाज, जातं, बाहेरचा कोंबडा, सगळं गेलं. सपाट रेषेवर तीन बारीक काटे उरले.

पण लहान फरक यात डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून कमांड प्रॉम्प्टवरची एफसी ही आज्ञा बाइनरी पर्याय देऊन चालवली. ती दोन फायली बाईट-बाईट ताडते आणि फरकाची जागा व दोन्हीकडचे आकडे छापते, सोळाच्या मानात. कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रामर खिडकीत ते दशमानात येतात. एकूण पाच ओळी निघाल्या. पहिली जागा ५३,६८,३२,०४६. त्यातून हेडरचे ४४ वजा करून २,८८,००० नी भागलं: १,८६४ सेकंद, म्हणजे ३१ मिनिटं ४ सेकंद. मी ऐकलेला ‘टक्’ तोच. एका फाईलमध्ये तिथं ११ होते, दुसरीत ७५. फरक ६४. खालच्या चारही ओळींत फरक ६४ च, आणि मेमटेस्टनं दाखवलेला बिटही तोच. तो खण शून्य धरूच शकत नव्हता, त्यात कायम एकच उरायचा. म्हणजे प्रत्येक ओळीत मोठा आकडा चुकीचा आणि लहान बरोबर. पाचपैकी तीन चुका पहिल्या ड्राइव्हवरच्या प्रतीत होत्या, दोन दुसऱ्यावरच्या.

दुसऱ्या प्रतीची आणखी एक प्रत करून ती एचएक्सडी या हेक्स एडिटरमध्ये उघडली आणि तिच्यातले दोन बाईट बदलले. ५२ मिनिटांत दोन बाईट. पहिल्या प्रतीच्या प्रतीतले तीन बदलले. मग दोन्हींचे हॅश काढले, एकच आले.

आकड्यांत शिरायचं नसेल तर ऑडॅसिटीतच चांगल्या फाईलचा अर्धा सेकंद कापून बिघडलेलीत बसवता येतो. फक्त एक्स्पोर्ट करण्याआधी प्रेफरन्सेसमध्ये जाऊन डिदर (मुद्दाम मिसळली जाणारी सूक्ष्म खरखर) बंद करा, नाहीतर पूर्ण फाईलभर बारीक फरक पडतो आणि हॅश ताडण्याची सोय जाते. एकच प्रत उरली असेल तर ‘रिपेअर’ इफेक्ट आहे, तो एका वेळी १२८ सॅम्पलपर्यंतच चालतो. तो शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाज बांधतो. ‘टक्’ जातो, पण ते आजींचं मूळ सॅम्पल नव्हे. तसं केलं तर फोल्डरमध्ये लिहून ठेवा.

दुरुस्त फाईलचं फ्लॅक केलं, म्हणजे आवाजातलं काही न गमावता ती आवळली. फ्लॅकमध्ये मूळ आवाजाचा एमडी५ हॅश फाईलच्या आतच नोंदलेला असतो, त्यामुळं दहा वर्षांनी कुणीही, माझी वही हाती नसतानाही, एका आज्ञेत ती शाबूत आहे का बघू शकतो. तीच दोन ड्राइव्हवर, वेगवेगळ्या दिवशी, आणि तिसरी नातवाच्या घरी.

पेनड्राइव्ह घेऊन मी स्वतः गेलो. मोबाइलला जोडून त्यांनी तिथंच लावलं. एकतिसावं मिनिट आलं तेव्हा मी श्वास धरून होतो. सूनबाईंना त्याची खबर नव्हती. त्या जागच्या जागी हात पुसत सासूच्या ओवीची पुढची ओळ तिच्याबरोबर म्हणत होत्या.